चावडीवरील मौन

बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात, म्हणजे भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांतील मराठी बोलणाऱ्या गावांतून, १९४८ सालची हकीकत अजूनही सांगितली जाते आणि बहुधा ती एकाच रीतीने सांगितली जाते. लातुरात वकिली करणारा कासिम रझवी इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचा अध्यक्ष झाला, त्याने रझाकारांची फौज वाढवली, त्या फौजेने गावे लुटली आणि जाळली, आणि अखेर हिंदुस्थानचे सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गावरून आत शिरले तेव्हा अवघ्या पाच दिवसांत या साऱ्याचा निकाल लागला. या हकिकतीत खोटे असे काही नाही. पण निजामाच्या ज्या हैदराबाद संस्थानाचा विस्तार ८२ हजार चौरस मैलांचा, ज्याचे जिल्हे सोळा, ज्याची लोकसंख्या १९४१च्या खानेसुमारीप्रमाणे सुमारे १ कोटी ६३ लाख, ज्याला स्वतःचे सैन्य, पोलीस, न्यायालये आणि विद्यापीठ होते, अशा संस्थानाचे सबंध राज्ययंत्र एका जिल्ह्याबाहेरही फारसा कोणाला ठाऊक नसलेल्या वकिलाने दोन वर्षांच्या आत आपल्या तालावर नाचवावे, हे कशाने शक्य झाले, याचे उत्तर त्या हकिकतीत मिळत नाही. ते उत्तर रझवीच्या भाषणांत शोधण्यापेक्षा गावच्या चावडीत शोधावे, असे माझे मत आहे.

निजामी राज्यव्यवस्था ही वरून जितकी मध्ययुगीन दिसे तितकीच आतून ती दप्तराची व्यवस्था होती. जिल्ह्याला अव्वल तालुकदार, त्याच्या जोडीला मोहतमीम कोतवाली, तालुक्याला तहसीलदार, त्याच्या हाताखाली पेशकार व गिरदावर, ठाण्यावर अमीन, आणि गावाला पाटील व पटवारी. शिवाय जहागिरी व पायगा यांचे स्वतंत्र अंमलदार. यांच्याखेरीज गावोगाव देशमुख, देशपांडे, सावकार. कसब्याच्या गावी वकील आणि मास्तर. ही सारी माणसे लिहिणारी-वाचणारी होती, प्राप्तीची होती, आणि त्यांतली बरीच, विशेषतः खालच्या पायरीवरची, हिंदू होती, मराठी किंवा कानडी बोलणारी होती. सभा भरवायची तर गश्ती निशाण ५३प्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागे. खानगी शाळा काढायची तर त्यालाही मंजुरी लागे. या गश्त्या अमलात आणण्यासाठी हैदराबादेहून कोणी फौज पाठवावी लागत नसे. चावडीवर बसलेला मनुष्य अर्ज घेई, तो पुढे पाठवी किंवा पाठवीत नसे, आणि कोण सभा भरवू पाहतो त्याचे नाव मात्र न चुकता वर कळवी. अशा रीतीने वीस-पंचवीस वर्षे ज्या समाजाला कागदावरच्या हुकमापुढे मान तुकवण्याची सवय लागली, त्याच्यासमोर १९४७ साली कागदाशिवाय हुकूम देणारी माणसे येऊन उभी राहिली, तेव्हा मान आपोआपच तुकली.

प्रत्यक्ष राजधानीत घडलेला प्रसंग याची साक्ष देतो. ऑक्टोबर १९४७मध्ये हिंदुस्थान सरकारबरोबरच्या जैसे-थे कराराचा मसुदा निजामाच्या कार्यकारी मंडळापुढे आला आणि सहा विरुद्ध तीन मतांनी तो मान्य झाला. निजामाने संमती दिली, पण सही उद्यावर टाकली. २७ ऑक्टोबरच्या पहाटे छत्तारीचे नवाब, सर वॉल्टर मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद या वाटाघाटी करणाऱ्या प्रतिनिधींच्या घरांना रझाकारांच्या जमावाने वेढा घातला, आणि ज्या राज्यात चार माणसांच्या सभेलाही परवानगी लागे त्या राज्याच्या राजधानीत हजारोंचा हा जमाव पांगवण्यासाठी एकही पोलीस शिपाई पुढे आला नाही. प्रतिनिधी दिल्लीला गेले नाहीत. छत्तारींनी पद सोडले. थोड्याच आठवड्यांत लायक अली पंतप्रधान झाले. पुढे सप्टेंबर १९४८मध्ये, सारे संपल्यावर, निजामाने नभोवाणीवरून असे सांगितले की एका लहानशा टोळीने आपल्याला असहाय्य केले होते. हे निवेदन ग्राह्य मानले गेले. २६ जानेवारी १९५०पासून १९५६पर्यंत तोच निजाम हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता, आणि रझवी १९५७पर्यंत तुरुंगात राहून नंतर पाकिस्तानात गेला. एका मनुष्याच्या माथी सारा दोष ठेवण्यात किती जणांची सोय होती, हे या दोघांच्या उत्तरायुष्यावरून उघड दिसते. निजाम असहाय्य, तर तालुकदार असहाय्य; तालुकदार असहाय्य, तर अमीन असहाय्य; आणि अमीनच असहाय्य असेल, तर पटवाऱ्याला कोण विचारणार?

सोळाव्या शतकात एत्येन द ला बोएसी या फ्रेंच तरुणाने असा सिद्धांत मांडला होता की जुलमी राजाभोवती लाभासाठी चिकटलेली पाच-सहा माणसे असतात, त्यांच्या आश्रयाला शेकडो आणि त्या शेकड्यांच्या आश्रयाला हजारो असतात, आणि ही साखळी स्वेच्छेने टिकते म्हणूनच जुलूम टिकतो. हैदराबादच्या जहागीरदारी समाजाला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. पण मला त्यात एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. लाभ हे साखळीच्या वरच्या कड्यांचे कारण झाले. आमच्या खेड्यांतून जो मनुष्य गप्प राहिला त्याला लाभ थोडाच होता. त्याला होती ती नुकसान टाळण्याची चिंता. वतन जाईल, लेव्हीचे धान्य जास्त लावले जाईल, पहाणीपत्रकात नाव फिरेल, मुलाची नोकरी जाईल, अशी ही चिंता होती, आणि ती खोटी नव्हती. जुलमी सत्ता सामान्य मनुष्याजवळ फार मोठे पाप मागत नाही. आज या कागदावर सही कर, उद्या त्या घरात कोण उतरले आहे तेवढे सांग, परवा काही पाहिले नाहीस असे म्हण, एवढेच ती मागते. आणि यातली प्रत्येक मागणी स्वतंत्रपणे पाहिली तर जीव धोक्यात घालण्याइतकी मोठी कधीच वाटत नाही.

तरीही काही जणांना ती मोठी वाटली, आणि त्यांची नावे घेणे माझे कर्तव्य आहे. कलबुर्गीच्या भूमीशी ज्यांचे बालपण जोडलेले होते त्या स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचे हजारो सत्याग्रही तुरुंगात गेले. त्यांचा इतिहास सर्वज्ञात आहे, म्हणून मी येथे व्यवस्थेच्या आत बसलेल्या माणसांविषयी अधिक बोलू इच्छितो. जे. व्ही. जोशी हे लायक अलींच्या मंत्रिमंडळात होते. परभणी-नांदेडकडील अत्याचार पाहून त्यांनी पद सोडले. अनेक वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार घातला, म्हणजे आपल्याच हाताने आपली प्राप्ती बंद केली. फरीद मिर्झा हे निजामाच्या महसूल खात्यातील अंमलदार. त्यांनी नोकरी सोडली आणि ऑगस्ट १९४८मध्ये इतर सहा मुसलमान गृहस्थांसह, रझाकार संघटना बरखास्त करावी आणि हिंदुस्थानात सामील व्हावे, असे निवेदन आपल्या नावांनिशी काढले. ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी ते छापले, आणि त्याच महिन्यात एका रात्री हैदराबादच्या रस्त्यावर त्यांचा खून झाला, मारेकऱ्यांनी त्यांचा हातही तोडला. रझवीकडून या माणसांना जेवढा धोका होता तेवढा कोणालाच नव्हता, कारण त्याच्या लेखी ते शत्रूहूनही वाईट, फितूर होते. म्हणून जेव्हा कोणी म्हणतो की त्या काळी बोलणे अशक्यच होते, तेव्हा शोएबुल्लांचे नाव आठवून मी एवढेच म्हणतो की ते अत्यंत महाग होते. महाग आणि अशक्य यांच्यात जो फरक आहे त्यात सारी नीती सामावलेली आहे.

आता गोरट्याकडे वळतो. बसवकल्याणच्या परिसरातील या गावावर मे १९४८मध्ये रझाकारांनी हल्ला केला आणि माणसे कापून काढली; मृतांचा आकडा दोनशेच्या घरात सांगितला जातो. आज तेथे स्मारक आहे आणि ते असलेच पाहिजे. परंतु जे मला अस्वस्थ करते ते असे की, गोरट्यावर चालून आलेली माणसे काही परदेशातून आलेली नव्हती. ती आजूबाजूच्याच गावांतली होती, अनेकांच्या ओळखीची होती. हल्ल्याची कुणकुण कोणाकोणाला होती, ठाण्यावरच्या रोजनाम्यात त्या दिवशी काय लिहिले गेले, वाटेवरच्या गावांच्या पाटलांनी तो जमाव जाताना पाहिला की नाही, या प्रश्नांची उत्तरे घेण्याची खटपट जेव्हा शक्य होती तेव्हा कोणी केली नाही, आणि स्मारकाच्या कोनशिलेवर तर असे प्रश्न कोरले जात नाहीत.

यानंतर चारच महिन्यांनी जे घडले ते आमच्याकडे कोणी मोठ्याने सांगत नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शस्त्रे खाली ठेवली. त्यानंतरच्या दिवसांत आणि आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जो सूड उगवला गेला त्याची चौकशी करण्यासाठी पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवले. नोव्हेंबरअखेरपासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते नऊ जिल्हे हिंडले, पाचशेहून अधिक माणसांशी बोलले, आणि त्यांनी असा अंदाज दिला की किमान २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली असावीत. सर्वांत अधिक हानी झालेले चार जिल्हे त्यांनी नमूद केले: उस्मानाबाद, गुलबर्गा (म्हणजे आजचे कलबुर्गी), बीदर आणि नांदेड. त्यातले दोन आमचे. सैन्य व पोलिसांतील काही माणसांनी कोठे उत्तेजन दिले, कोठे प्रत्यक्ष भाग घेतला, हेही त्यांनी लिहिले. आणि जिवावर उदार होऊन आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही त्यांना भेटले, तेही त्यांनी तितक्याच अगत्याने नोंदले. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. आकड्यांबद्दल मतभेद असू शकतात, त्या समितीच्या पद्धतीवर आक्षेप घेता येतात. पण ज्या गावांतून मुसलमानांची आळीच्या आळी उठून गेली, तेथल्या विहिरी आणि पडके वाडे यांना मतभेद ठाऊक नाहीत.

यावर एक उत्तर तयार असते: मारणारे बाहेरचे होते. काही बाहेरून आले हे खरेच, समितीनेही सोलापुराकडून आलेल्या सशस्त्र लोकांचा उल्लेख केला आहे. पण बाहेरून आलेल्या मनुष्याला गावात कोणते घर कोणाचे हे कसे कळते? मे महिन्यात रझाकारांना सावकाराचा वाडा कोणता, सत्याग्रहीचे घर कोणते हे कोणीतरी दाखवले होते. सप्टेंबरात मोमिनांची गल्ली कोणती, अमीनचा भाऊ कोठे लपला आहे हे कोणीतरी दाखवले. दोन्ही वेळा चावडीवर तीच माणसे बसलेली होती. दोन्ही वेळा त्यांनी खाली पाहिले. माझे म्हणणे नेमके येथे आहे: मौन ही एका पक्षाची मालमत्ता होऊ शकत नाही. रझाकारीत जो गप्प राहण्यास शिकला, तो ‘आपल्या’ बाजूचे राज्य आल्यावर बोलका झाला नाही. उलट, त्याच्या गप्पपणाला आता भीतीची सबबही उरली नसताना तो गप्पच राहिला. अन्याय सोसताना लागलेली सवय अन्याय पाहताना उपयोगी पडली. आणि ज्यांनी दोन्ही वेळा तोंड उघडले, मेमध्ये हिंदूला आणि सप्टेंबरात मुसलमानाला आपल्या माळ्यावर लपवले, अशा माणसांना स्मारक तर नाहीच, पण त्यांच्या नातवंडांनाही ते ठाऊक असेल की नाही याची मला शंका वाटते.

मी दोन हिंसा तराजूत घालून समान करतो आहे, असा आक्षेप येईल. तसे मी करीत नाही. एक हिंसा राज्यकर्त्यांच्या आश्रयाने चाललेल्या जुलमाची होती, दुसरी जुलूम संपल्यावरच्या सूडाची. त्यांची कारणे निराळी, त्यांचा हिशेबही निराळाच झाला पाहिजे. मी जे जुळवतो आहे ते पाहणाऱ्यांचे वर्तन. त्याचप्रमाणे सगळ्यांचे मौन मी एका मापाने मोजत नाही. ज्या विधवेच्या घरात दोन लहान मुले होती, ज्या वेठबिगाराला दुसऱ्याच्या बांधावर जगावे लागे, त्यांच्याकडून वीरश्रीची अपेक्षा करण्याचा अधिकार सुरक्षित खुर्चीत बसून लिहिणाऱ्या कोणालाच नाही. मौनाचे माप त्या मनुष्याला उपलब्ध असलेल्या संरक्षणाच्या प्रमाणात घ्यावे, असे मला वाटते. ज्याच्याजवळ वतन होते, सनद होती, कायद्याची पदवी होती, ज्याचे चार शब्द तालुक्याच्या कचेरीत ऐकले जात, त्याचे गप्प राहणे हे गरिबाच्या गप्प राहण्याहून कितीतरी जड भरते. आमच्या सुशिक्षित मराठी घरांनी हे माप कधी स्वतःला लावून पाहिले नाही. आधी उर्दू दप्तराखाली, १९५६नंतर कानडी राज्यात अल्पसंख्य म्हणून, आपण राज्यकारभारापासून दूर राहिलेलेच बरे, अशी एक समजूत आमच्यात घट्ट रुजली. ती समजूत कष्टाने आली आहे, हे मान्य. पण अल्पसंख्याकानेच अन्य अल्पसंख्याकाचे दुःख ओळखावे ना?

याच मातीत याच्या उलट उदाहरणेही आहेत, आणि त्यांचे आम्ही काय केले तेही पाहण्यासारखे आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत हे बीदरच्या बहामनी सुलतानाचे अंमलदार. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागली तेव्हा त्यांनी वरून हुकूम नसताना सरकारी कोठार उघडले, आणि त्यासाठी त्यांना बीदरला बोलावणे आले. पुढची कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे: विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची रक्कम बीदरच्या दरबारात भरली. भक्तीच्या दृष्टीने ही कथा थोर आहेच. पण तिचा भर चमत्कारावर पडल्यामुळे मूळ कृत्य झाकले गेले. देव येण्यापूर्वी, तो येईल याची कोणतीही खात्री नसताना, एका सरकारी नोकराने कोठाराचे कुलूप काढले. देव नंतर आला. कीर्तनात आम्ही नंतरच्या भागाला डोलतो आणि आधीच्या भागाविषयी आपल्या नोकरीत कधी विचारही करीत नाही.

मौनाचे उदाहरणही त्याच बहामनी राज्यातले आहे: १४८१ साली महमूद गावानचा वध झाला. ज्याच्या मदरशाचे निळ्या नक्षीचे अवशेष आजही बीदर शहराची शोभा आहेत, त्या वजिराविरुद्ध दरबारातील विरोधकांनी त्याच्या मोहरेची कोऱ्या कागदावर छाप मिळवली, वर राजद्रोहाचे पत्र लिहिले आणि मद्याच्या धुंदीत असलेल्या तिसऱ्या महंमदशहापुढे ते ठेवले. मोहर माझी आहे, पत्र माझे नाही, असे तो वृद्ध म्हणाल्याचे तवारिखांत आहे. दरबारात ते पत्र बनावट आहे हे जाणणारे कितीतरी असतील. एकही बोलला नाही. सुलतान वर्षभरातच वारला, आणि पुढच्या काही दशकांत राज्याचे पाच तुकडे झाले. गावानच्या जागी उद्या आपण असू, हे त्या दरबाऱ्यांना कळत नव्हते असे नाही. उद्याचा दिवस आजच्यापेक्षा दूर वाटतो, एवढेच.

या साऱ्याचा आजशी संबंध काय, असे कोणी विचारले, तर तो बीदर शहरातच आहे. जानेवारी २०२०मध्ये तेथल्या एका शाळेत मुलांनी नागरिकत्वाच्या नव्या कायद्यावर टीका करणारे लहानसे नाटक केले. एका तक्रारीवरून राजद्रोहाचा गुन्हा नोंदला गेला. शाळेच्या एक अध्यापिका आणि नाटकातल्या एका मुलीची आई यांना सुमारे दोन आठवडे तुरुंगात राहावे लागले, आणि पोलिसांनी लहान मुलांना पुनःपुन्हा प्रश्न विचारले. जून २०२३मध्ये उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. न्याय झाला, असे म्हणून आपण पुढे जातो. पण त्या साडेतीन वर्षांत जे झाले ते कोणी झुंडशहाने केले नाही. तक्रार घेणाऱ्याने घेतली, कलम लावणाऱ्याने लावले, कोठडी मागणाऱ्याने मागितली, देणाऱ्याने दिली. प्रत्येक टप्प्यावर एक शिकलेला, कुटुंबवत्सल मनुष्य बसलेला होता आणि प्रत्येकाने आपापल्या जागी एक सही केली. काहींनी निषेध केला, काही वकील उभे राहिले, त्यांचे ऋण आहेच. शहरातल्या उरलेल्या सुशिक्षितांनी, आणि त्यांत आम्ही मराठी बोलणारेही आलो, वर्तमानपत्राचे पान उलटले. डिसेंबर १९७५मध्ये, आणीबाणी चालू असताना, कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानावरून दुर्गाबाई भागवतांनी केंद्रीय मंत्री समोर बसलेले असताना जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितले होते, आणि पुढे त्यांना तुरुंगही पत्करावा लागला. दुर्गाबाईंचे कौतुक आम्ही दर संमेलनात करतो. ते कौतुक आपल्या तालुक्याच्या कचेरीपर्यंत का पोहोचत नाही, हे मला दरवेळी सलते.

दर १७ सप्टेंबरला बीदर आणि कलबुर्गीत सरकारी ध्वजवंदन होते, भाषणे होतात, गोरट्याचे स्मरण केले जाते. माझी मागणी साधी आहे. त्या भाषणात सुंदरलाल समितीच्या अहवालातील आमच्या दोन जिल्ह्यांविषयीचा मजकूरही वाचला जावा. दोन्ही जिल्ह्यांच्या अभिलेखागारांत त्या वर्षीच्या ठाण्यांचे रोजनामे आणि तहसिलींच्या मिसली जेथे शिल्लक असतील तेथे त्या अभ्यासकांना खुल्या कराव्यात. आणि गावोगावच्या शाळांनी, ऐंशी-नव्वदीपलीकडचे जे थोडे साक्षीदार अजून हयात आहेत त्यांच्याकडे मुलांना पाठवून, त्या दोन हंगामांत आपल्या गावात कोणी कोणाला लपवले हे विचारून लिहून घ्यावे. नावे पुढे आली तर लपवणाऱ्यांची यावीत, दाखवणाऱ्यांची नव्हे. त्यांच्या नातवंडांवर डाग नको. हे काम एका उन्हाळ्याच्या सुट्टीत होण्यासारखे आहे, आणि फार उन्हाळे आता त्या म्हाताऱ्यांजवळ उरलेले नाहीत.